चिनी वैद्यक आणि पोटाचे विकार: कोणत्या चाचणीवर किती विसंबावं?

काटेकोर

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पोटदुखी आणि बिघडलेल्या शौचाचा जुनाट विकार) या एकाच आजारावर चिनी काष्ठौषधींच्या दोन नीट आखलेल्या चाचण्या आहेत. एक सिडनीची, १९९८ साली प्रसिद्ध झालेली; दुसरी हाँगकाँगची, २००६ची. पहिलीत औषधाने प्लासिबोला (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) मागे टाकलं, दुसरीत टाकलं नाही. या दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की या विषयातली निम्मी गुंतागुंत समजते, म्हणून धाग्याची सुरुवात तिथून करतो.

सिडनीत ११६ रुग्ण होते. ३८ जणांना वैद्याने त्या रुग्णापुरतं ठरवलेलं मिश्रण, ४३ जणांना सरसकट एकच २० वनस्पतींचं मिश्रण आणि ३५ जणांना प्लासिबो. पाच-पाच कॅप्सूल दिवसातून तीनदा, १६ आठवडे. तिन्ही गटांतल्या रुग्णांना वैद्य तपासत होता, पण त्याने लिहिलेलं औषध रुग्णाच्या हातात पडतंय की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. वैद्याने आपुलकीने विचारपूस केली म्हणून बरं वाटलं असेल, तर ते तिन्ही गटांना सारखंच वाटणार. १६ आठवड्यांच्या शेवटी औषधाचे दोन्ही गट प्लासिबोच्या पुढे होते, आणि वैयक्तिक मिश्रण सरसकट मिश्रणापेक्षा सरस ठरलं नव्हतं. औषध थांबवल्यावर १४ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा मात्र फक्त वैयक्तिक गटाचा फायदा टिकलेला दिसला.

हाँगकाँगमध्ये ११९ रुग्ण, सगळे जुलाबप्रधान आयबीएसचे. ११ वनस्पतींचा एकच अर्क, ८ आठवडे. एकंदर आराम पडला असं सांगणारे औषधाच्या गटात ३५ टक्के, प्लासिबोच्या गटात ४४.१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नाही, म्हणजे औषध प्लासिबोहून वाईट ठरलं असंही म्हणता येत नाही. फायदा दिसला नाही, एवढंच.

आता "चिनी औषध आयबीएसवर चालतं का?" या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. मिश्रण वेगळं, रुग्ण वेगळे, मुदत निम्मी. "ॲलोपॅथी चालते का" असं आपण विचारत नाही, "ओमेप्राझोल आम्लपित्तावर चालतं का" असं विचारतो. इथेही तीच शिस्त हवी: कोणता योग (औषधी द्रव्यांचं ठरलेलं मिश्रण), कोणत्या तक्रारीवर, कशाच्या तुलनेत, आणि बंद केल्यावर काय होतं.

या चारही प्रश्नांना नीट उत्तर देणारं उदाहरण म्हणजे बद्धकोष्ठावरचा मा-झ-रेन-वान. हा चीनच्या हान राजवटीतल्या झांग चोंगचिंग या वैद्याच्या 'शांग हान लुन' ग्रंथातला सहा द्रव्यांचा योग: भांगेच्या जातीच्या हेम्पचं बी, दाह्वांग (आपल्याकडच्या रेवंदचिनीचा सख्खा भाऊ), जर्दाळूच्या कोयीतला गर, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलियाची साल आणि पिओनीचं मूळ. हाँगकाँग बॅप्टिस्ट विद्यापीठाच्या गटाने आधी मात्रा ठरवली. २.५, ५ आणि ७.५ ग्रॅम तपासून ७.५ ग्रॅम दिवसातून दोनदा निवडली. मग १२० जणांवर ८ आठवड्यांची चाचणी घेतली, ती २०११ साली आली. प्रतिसाद औषधात ४३.३ टक्के, प्लासिबोत ८.३ टक्के. औषध थांबवल्यानंतरच्या ८ आठवड्यांत ३० विरुद्ध १५.

याहून मोलाची २०१९ची चाचणी. २९१ रुग्ण, तीन गट, आणि तुलनेला नुसता प्लासिबो नाही तर सोनामुखी. आठवड्याला किमान एक पूर्ण समाधानाची शौच वाढली असे रुग्ण मा-झ-रेन-वानमध्ये ६८ टक्के, सोनामुखीत ५७.७, प्लासिबोत ३३. थांबवल्यानंतर ४७.४, २०.६ आणि १७.५. दाह्वांग आणि सोनामुखी यांची रेचक द्रव्यं एकाच कुळातली. मग थांबवल्यावर सोनामुखी घसरून प्लासिबोजवळ येते आणि हा योग टिकतो, तर उरलेल्या पाच द्रव्यांचं काहीतरी काम असावं. "असावं" म्हणतोय, कारण एकेक द्रव्य वगळून केलेल्या चाचणीशिवाय ते सिद्ध होत नाही.

---

मंदाग्नी

उत्तम धागा. मात्रेबद्दल एक भर.

मूळ ग्रंथात हा योग मधात वळलेल्या गोळ्यांचा आहे. वूथोंग झाडाच्या बीएवढी गोळी, दहा गोळ्या दिवसातून तीनदा, आणि गुण येईपर्यंत हळूहळू वाढवत न्यायच्या. म्हणजे मात्रा रुग्णागणिक चढवण्याची सूचना तिथेच आहे. आजच्या चाचण्यांत ती एका आकड्यावर गोठते.

दुसरी अडचण मापांची. दाह्वांग एक जिन, पिओनी आणि कच्चं संत्रं अर्धा-अर्धा जिन, ही वजनं झाली. पण हेम्पचं बी दोन शंग आणि जर्दाळूचा गर एक शंग, म्हणजे आकारमान. आणि मॅग्नोलियाची साल चक्क एक छ, म्हणजे लांबी! साल किती जाड, किती रुंद, हे लिहिलेलंच नाही. त्यात हान काळातला जिन म्हणजे किती ग्रॅम यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या दोन कंपन्यांच्या औषधांत प्रमाणं वेगळी निघतात. शोधनिबंध वाचताना नाव वाचून थांबू नका, प्रत्येक द्रव्य किती ग्रॅम हे शोधा. ते दिलं नसेल तर तो निबंध बाजूला ठेवला तरी चालेल.

---

रानहळद

काढ्याच्या कृतीचं कोणीतरी लिहायला हवं, कारण दाह्वांगचा सगळा खेळ तिथे आहे.

नेहमीची पद्धत अशी: मातीचं किंवा काचेचं भांडं (लोखंडाचं नको, वनस्पतीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होऊन काढा काळा पडतो), द्रव्यं बुडून वर दोन-तीन बोटं राहील इतकं गार पाणी, अर्धा तास भिजवण. उकळी आली की मंद आचेवर २० ते ३० मिनिटं. गाळून त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा, दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा.

आता अपवाद. कच्चा दाह्वांग शेवटच्या पाच-दहा मिनिटांतच टाकायचा, किंवा गरम पाण्यात नुसता भिजवून मिसळायचा. त्यातली सेनोसाइड्स ही रेचक द्रव्यं उष्णतेने मोडतात. तासभर उकळलात तर रेचक भाग जातो आणि टॅनिन उरतं, ते उलट मळ बांधतं. मद्यात वाफवून केलेला 'पक्व' दाह्वांग याच कारणाने सौम्य असतो. चिनी औषधांच्या दुकानात 'शंग' म्हणजे कच्चा आणि 'शू' म्हणजे पक्व, दोन्ही मिळतात. अदलाबदल झाली की एकाला गुण येत नाही आणि दुसऱ्याला कळा येऊन जुलाब लागतात.

जर्दाळूचा गर उलट, उकळत्या पाण्यात टाकायचा. गार पाण्यात भिजत ठेवला की त्यातलं एन्झाइम गरातल्या अमिग्डलिन या द्रव्याला मोडून हायड्रोजन सायनाइड सोडू लागतं. कडू बदामाचं विष ते हेच. शारन, म्हणजे आपल्या वेलदोड्याच्या कुळातलं बी, ठेचून शेवटच्या पाच मिनिटांत. नाहीतर त्याचं तेल वाफेबरोबर निघून जातं.

---

ओवी_शहा

प्रश्न: या सगळ्यात सारखा 'प्लीहा दुर्बल' असा उल्लेख येतो. पोटाच्या तक्रारीत प्लीहेचा संबंध काय?

---

काटेकोर

चिनी वैद्यकातली 'पी' म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव नव्हे. अन्नातून सत्त्व काढणं आणि ते अंगभर पोहोचवणं, या कामांच्या गठ्ठ्याला दिलेलं ते नाव आहे. भूक मंद, जेवल्यावर पोट जड, शौच सैल, थकवा, जीभ फिकी आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे, असा लक्षणसमूह दिसला की 'पी दुर्बल'. ताण आला की कळ, कळ आली की शौच, शौच झाली की आराम, असं असेल तर 'गान' (यकृत) 'पी'वर कुरघोडी करतंय असं म्हणतात. त्यावरचा प्रसिद्ध योग थोंग-श्ये-याओ-फांग, चार द्रव्यांचा: बाइझू (एक कंद), बाइशाओ (पिओनीचं मूळ), छेनपी (वाळवलेली संत्र्याची साल) आणि फांगफंग (एक मूळ). नेहमीचं प्रमाण ६:४:३:२.

आपल्या अग्निमांद्याशी साम्य चटकन डोळ्यांत भरतं. पण शब्दाला शब्द लावू नये, दोन्हींच्या निदानाच्या खुणा वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११मध्येही हे दोन वेगळे भाग ठेवले आहेत: चिनी परंपरेचे लक्षणसमूह २६व्या प्रकरणात, २०२२पासून लागू, आणि आयुर्वेद, सिद्ध, युनानीचा दुसरा भाग जानेवारी २०२४मध्ये दिल्लीत जाहीर झाला.

संशोधनाची अडचण इथेच आहे. लक्षणसमूह न पाहता सगळ्या आयबीएसवाल्यांना एकच योग दिला, तर वैद्य म्हणतो ही माझी पद्धतच नव्हे. लक्षणसमूह पाहून रुग्ण निवडले, तर दोन वैद्यांचं निदान जुळतं का हे आधी तपासावं लागतं. मा-झ-रेन-वानवाल्यांनी २०११च्या चाचणीत फक्त 'आधिक्य' प्रकारचे (म्हणजे अशक्तपणाचे नव्हे, काहीतरी साचून अडल्याचे) रुग्ण घेतले होते. निकाल वाचताना हे विसरलं की तो योग वाळलेल्या, अशक्त म्हाताऱ्या माणसाला दिला जातो, आणि तिथे तो बसत नाही.

---

दोन_बोटं_पाणी

सुयांचं, म्हणजे ॲक्युपंक्चरचं, कोणी काढलं नाही, म्हणून मी लिहितो.

२०१६ची चीनमधली चाचणी: तीव्र जुनाट बद्धकोष्ठ, १५ रुग्णालयं, १,०७५ रुग्ण. ८ आठवड्यांत विद्युत-ॲक्युपंक्चरच्या (सुयांतून सौम्य वीज सोडण्याच्या) २८ बैठका. बिंदू तीनच, दोन्ही बाजूंना: बेंबीच्या बाजूचा थ्येनशू, त्याच्या बाहेरच्या अंगाला थोडा खाली फूज्ये, आणि नडगीवर शांगज्यूशू. दुसऱ्या गटाला बिंदू सोडून भलतीकडे, उथळ सुया. आठवड्यातल्या पूर्ण समाधानाच्या शौचा सरासरी १.७६ने वाढल्या, दुसरीकडे ०.८७ने. आठवड्याला तीन किंवा जास्तचा टप्पा ३१.३ विरुद्ध १२.१ टक्क्यांनी गाठला. बैठका संपल्यावरच्या १२ आठवड्यांत ३७.७ विरुद्ध १४.१.

२०२०मध्ये जेवणानंतर पोट गच्च होण्याच्या अपचनावर (पोस्टप्रॅन्डियल डिस्ट्रेस) २७८ रुग्ण, ४ आठवड्यांत १२ बैठका. सुधारणा ८३ टक्के, विरुद्ध खोट्या सुयांच्या गटात ५१.६. हा आकडा बातम्यांत गाजतो. पण गच्च वाटणं, वरच्या पोटाची फुगी आणि लवकर पोट भरणं या तिन्ही तक्रारी पूर्ण गेल्या असे रुग्ण २७.८ विरुद्ध १७.३. रुग्णाला सांगायचा आकडा हा दुसरा.

---

सांजवात

दोन_बोटं_पाणी, तुमच्या आकड्यांतला ५१.६ मला जास्त बोलका वाटतो. खोट्या सुयांनी निम्म्यांना बरं वाटलं!

याचं उत्तर २००८च्या अमेरिकेतल्या आयबीएस चाचणीत आहे. २६२ रुग्ण, खरी सुई कुणालाच नाही. एक गट नुसता प्रतीक्षेत, दुसऱ्याला फसवी सुई आणि मोजकं बोलणं, तिसऱ्याला तीच फसवी सुई पण उपचारकाने वेळ देऊन, आस्थेने विचारपूस केलेली. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम: २८, ४४ आणि ६२ टक्के. म्हणून आतड्याच्या कार्यात्मक विकारांत 'प्रतीक्षा यादी'शी केलेली तुलना मी मोजतच नाही. सिडनीवाल्यांनी तिन्ही गटांना वैद्य दिला, ही गोष्ट किती मोठी होती ते यावरून कळावं.

प्लासिबो बनवणंही सोपं नाही. काढ्याचा कडूपणा, वास, रंग हुबेहूब हवा. त्यासाठी बऱ्याच चाचण्यांत प्लासिबोच्या दाण्यांत मूळ औषध ५ ते १० टक्के मिसळतात, बाकी डेक्स्ट्रिन, खाद्यरंग, कडू द्रव्य. मग तो निर्गुण राहिला का, हा प्रश्न उरतोच. आणि प्लासिबो पांढऱ्या पिठाची कॅप्सूल असेल तर रुग्णाने ती उघडून पाहिली की चाचणी फुटली. चाचणीचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्टची चिनी योगांसाठी वेगळी नियमावली २०१७ साली आली. तिच्यात प्लासिबोचे घटक लिहा असं सांगितलंय. निबंधात तो परिच्छेद आहे का ते आधी बघते.

---

नीळकंठी

अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्या (मोठ्या आतड्याला जुनाट सूज आणि व्रण असलेल्या) मंडळींसाठी गंभीर मुद्दा. छिंगदाय, म्हणजे नीळ. चीनमध्ये ती मुख्यतः तीन वनस्पतींच्या पानांपासून करतात आणि त्यातली कुठलीही आपली इंडिगोफेरा (भारतातलं निळीचं झाड) नाही. पण रंगद्रव्य इंडिगो आणि जोडीला इंडिरुबिन, हेच.

जपानमधल्या चाचणीत ८६ रुग्ण, रोज ०.५, १ किंवा २ ग्रॅम, ८ आठवडे. प्रतिसाद प्लासिबोत १३.६ टक्के, आणि मात्रेच्या चढत्या क्रमाने ६९.६, ७५ आणि ८१. कोलायटिसमध्ये असे आकडे क्वचित दिसतात. यंत्रणाही बरीचशी कळली आहे: ही द्रव्यं पेशींतल्या एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरला चिकटतात, त्यातून इंटरल्यूकिन-२२ हे पेशींमधलं संदेशवाहक प्रथिन वाढतं आणि आतड्याचं अस्तर भरून येतं.

पण ही चाचणी ठरल्याआधी थांबवावी लागली. बाहेरून स्वतः नीळ विकत घेऊन घेणाऱ्या एका रुग्णाला फुप्फुसाच्या धमनीतला रक्तदाब वाढण्याचा विकार झाल्याचं कळलं. डिसेंबर २०१६मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला. यकृताची एन्झाइमं वाढणं, आतडं आतड्यात सरकणं, हेही दुष्परिणाम नोंदले गेले. गुण येतो म्हणूनच लोक महिनोन्महिने घेत राहतात, आणि धोका तिथे आहे. ऑनलाइन मागवून किंवा रंगाच्या दुकानातली नीळ पोटात घेऊन हा प्रयोग कोणीही करू नये. तज्ज्ञाच्या देखरेखीत, हृदयाची सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या चालू ठेवूनच याचा विचार होऊ शकतो. घेत असताना चढताना धाप लागली, पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

---

रानहळद

नीळकंठी, फार गरजेचं लिहिलंत. द्रव्याच्या ओळखीवर आणखी दोन गोष्टी.

'मूश्यांग' हे पोटफुगीवरचं नेहमीचं द्रव्य. हे म्हणजे आपलं कोष्ठ, उपलेट. हिमालयातून समुद्रमार्गे ग्वांगझौला उतरायचं, म्हणून त्याला 'ग्वांग मूश्यांग' नाव पडलं. नावात साम्य असलेलं 'छिंग मूश्यांग' मात्र ॲरिस्टोलोकिया कुळातलं. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. अशाच नावांच्या गोंधळाने बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात फांगजी या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकियाचं ग्वांग-फांगजी गेलं आणि १९९३ साली ते वैद्यकीय जगासमोर आलं. चीनने ही द्रव्यं २००४मध्ये यादीतून काढली. जुनी पुस्तकं, जुने साठे मात्र आहेत.

दुसरं बान्श्या, मळमळीवरचं. हे अळू-सुरणाच्या कुळातलं. कच्चं खाल्लं तर घसा धरतो, कारण तेच: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. आपण अळवात चिंच-आमसूल घालतो, ते तुरटी आणि आल्याच्या रसात मुरवतात. 'कच्चं' बान्श्या पोटात घ्यायचं नसतं.

---

काटेकोर

नेटवर्क फार्माकॉलॉजीबद्दल (संगणकावर औषधातली रसायनं आजाराच्या जनुकांशी जुळवून पाहणं) कोणी विचारण्याआधीच लिहितो, कारण शोधलं की सर्वात जास्त तेच निबंध हाती लागतात. पद्धत ठरलेली: टीसीएमएसपी या विदागारातून योगातली रसायनं काढायची, तोंडावाटे उपलब्धता ३० टक्क्यांवर आणि औषधसदृशता ०.१८च्या वर ही चाळणी लावायची, आजाराच्या जनुकांशी जुळवायचं, शेवटी डॉकिंगचं, म्हणजे रसायन प्रथिनात कसं बसतं याचं संगणकी चित्र. या चाळणीतून क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल ही वनस्पतींत सर्रास सापडणारी द्रव्यं जवळजवळ प्रत्येक योगात वर येतात. कांद्यातही क्वेर्सेटिन आहे. उलट बर्बेरीनसारखं द्रव्य, जे एक टक्कासुद्धा रक्तात पोहोचत नाही, ते आतड्यातच काम करतं. जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरीन करतात, ते जास्त शोषलं जातं. सेनोसाइड्सही तशीच: मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी मोडल्यावरच रेचक होतात. पचनाच्या आजारात 'शोषलं जात नाही म्हणून वगळा' ही चाळणीच उलटी आहे. प्रयोगाची जोड नसलेला असा निबंध पुरावा म्हणून धरू नका.

---

मंदाग्नी

बर्बेरीन निघालंच आहे तर: चीनमध्ये ह्वांगल्येनमधलं हे द्रव्य जुलाबावर ०.१ ग्रॅमच्या गोळ्यांत वर्षानुवर्षं मिळतं. आपल्या दारुहळदीतही तेच. २०२०च्या मोठ्या चाचणीत, मोठ्या आतड्यातले पॉलिप (अस्तरावरच्या लहान गाठी) काढलेल्यांना ०.३ ग्रॅम दोनदा दिलं. पुन्हा पॉलिप ३६ टक्क्यांना, प्लासिबोत ४७. मुख्य दुष्परिणाम बद्धकोष्ठाचा, तोही थोड्यांना. परंतु प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत बर्बेरीनमुळे सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते. नवजात बाळाला आणि गरोदरपणी नको, बिलिरुबिन वाढून कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते.

ज्येष्ठमध चिनी योगांत अर्ध्याहून जास्त ठिकाणी असतं. ते मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं, त्याने सोडियम साठतं आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबावर पाणी काढणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, तर हृदयाची लय बिघडू शकते. तीन-चार आठवड्यांहून जास्त चालणार असेल तर पोटॅशियम आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

---

ओवी_शहा

शेवटचा प्रश्न. कोलोनोस्कोपीच्या अहवालात 'मेलॅनोसिस कोलाय' असं येतं, ते दाह्वांगमुळेच का?

---

मंदाग्नी

दाह्वांग, सोनामुखी, कोरफडीचा पिवळा चीक, या सगळ्यांतल्या अँथ्राक्विनोन या रेचक द्रव्यांमुळे. अस्तराच्या पेशी मरतात, त्यांचा गाळ भक्षक पेशी गिळतात आणि आतड्याचा रंग तपकिरी-काळा दिसतो. नावात मेलॅनिन असलं तरी तो रंग लायपोफ्यूसिन या पेशींच्या गाळातल्या रंगद्रव्याचा. तो स्वतः कर्करोग नाही, आणि औषध थांबवल्यावर बहुधा वर्षभरात फिका होतो. मात्र रोजचं रेचक किती महिने चालू आहे याची ती खूण असते. अहवालात आलं तर घरातल्या 'पोट साफ' चूर्णाच्या डबीवरची द्रव्यांची यादी वाचा. सोनामुखी बहुतेकदा तिथे सापडते, आणि डॉक्टरांना औषधं सांगताना तीच राहून जाते.